निकालपत्रातल्या बाई आणि आपली कथा

न्यायालयाचे निकालपत्र साहित्य म्हणून वाचावे काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण हसू. पण 12 ऑगस्ट 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिलेला निकाल मी दोनदा वाचला. दोन्ही वेळा मनात एकच आले. ही गोष्ट आपल्या कथाकारांनी आधी का लिहिली नाही?

हकिकत थोडक्यात अशी. एका ट्रस्टच्या शाळेतील शिक्षिकेला आधी निलंबित केले गेले आणि मग जून 2007 मध्ये सेवेतून काढले गेले. त्या शाळा न्यायाधिकरणात गेल्या. 2009 साली न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली आणि मधल्या काळाच्या पूर्ण पगारासह त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. संस्था उच्च न्यायालयात गेली. तेथे बडतर्फी बेकायदा ठरली ती ठरलीच, पण मधल्या काळाचा पगार मात्र गेला. का, तर त्या काळात आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे बाईंनी सिद्ध केले नाही म्हणून! सर्वोच्च न्यायालयाने हे उलटे फिरवले. चार महिन्यांत पूर्ण पगार द्या, नाही तर निलंबनाच्या तारखेपासून दर साल 9 टक्के व्याज द्या, असे बजावले.

आता मुद्दा साहित्याचा. शाळा-कॉलेजांतील संस्थाचालकांची दंडेली आपल्याकडे लिहिली गेली नाही असे नाही. श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’त (1968) वैद्यजींच्या कॉलेजातून खन्ना मास्तरांना राजीनामा द्यायला लावतात आणि त्यांची रिकामी झालेली जागा रंगनाथपुढे ठेवली जाते. या शेवटातला उपरोध जीवघेणा आहे. पण राजीनाम्यानंतर खन्नांच्या घरी काय झाले हे कादंबरी सांगत नाही. तिला ते सांगायचेही नाही, तिचे लक्ष वैद्यजींच्या दरबाराकडे आहे. नेमाड्यांचा चांगदेव ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत एका गावचे कॉलेज सोडून दुसऱ्या गावी जातो. खाजगी शिक्षणसंस्थांचे इतके आतले चित्रण मराठीत दुर्मीळ आहे. पण चांगदेव एकटा जीव आहे. बिऱ्हाड उचलले की निघाला. ज्याला बिऱ्हाड उचलता येत नाही, मुले त्याच गावच्या शाळेत आहेत, किराणा त्याच दुकानात उधार आहे, तो मास्तर कुठे जाणार?

थोडक्यात, आपले साहित्य शिक्षकाला नोकरीवरून काढले तेथे थांबते. फार तर तो लढून परत आला तेथे थांबते. हार-तुरे, पेढे, पडदा. या दोन टोकांच्या मध्ये जी वर्षे जातात त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. निकालपत्राने तो मांडला आहे, आणि म्हणून मला ते वाचनीय वाटते.

एक उदाहरण देते. पुन्हा कामावर घेणे म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी न्यायमूर्ती शब्दकोश उघडतात. पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या स्थितीत परत ठेवणे, असा अर्थ ते काढतात. आम्हा उर्दूवाल्यांना हे समजायला कोश लागत नाही. आमचा शब्दच ‘बहाल’ आहे. बहाल म्हणजे आपल्या मूळ हालात असणे. मग खुर्ची परत दिली आणि मधली वर्षे कापून घेतली, तर हाल पूर्ववत कसा झाला? निकालाचा सगळा युक्तिवाद या एका शब्दात बसतो.

दुसरे असे की, हे निकालपत्र घरात शिरते. कमाई आटली की फक्त नोकरदार नव्हे, सारे कुटुंब भोगते. मुलांचे खाणे आणि शिकणे तुटते. उपासमार टाळायला नातेवाइकांपुढे हात पसरावा लागतो, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेत हे अचानक येते आणि वाचणारा थांबतो.

उणीव सांगायची तर तीही आहे. एवढ्या पानांत बाईंचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. त्या कोणाकडून उसने घेत होत्या, तारखेला जाताना घरी काय सांगून निघत होत्या, हे आपल्याला कळत नाही. न्यायालयाचे ते कामही नाही. ते लेखकाचे काम आहे, आणि आपण ते केलेले नाही.

ते केले असते तर काय लिहिता आले असते, याचा एक नमुना माझ्या ओळखीतला आहे. आमच्या ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळ्या आपा म्हणतो, त्यांना त्यांच्या आधीच्या संस्थेने 2003 साली काढले होते. सहा वर्षे भांडून त्या परत आल्या. त्या काळात त्यांनी घरी मोहल्ल्यातील मुलींना कुराण पढवले, गणिताच्या शिकवण्या घेतल्या. कोणी शंभर द्यायचे, कोणी पन्नास, कोणी काहीच नाही. वकील म्हणाले, कमाई नव्हती असे लिहून द्या. आपा म्हणाल्या, “वकीलसाहेब, हलफ घेऊन मी खोटं कसं लिहू? पन्नास रुपये का होईना, घेतले आहेत मी.” आणि त्यांनी खरे ते लिहिले. संस्थेने तेच पन्नास रुपये पकडले. शेवटी निम्म्या रकमेवर तडजोड झाली.

2013 चा निकाल इथे काय म्हणतो ते शिक्षकांनी नीट वाचावे. नोकरी गेलेल्याने आपण कमावत नव्हतो, किंवा कमी कमावत होतो, एवढे शपथेवर सांगायचे. मग पगार नाकारायचा असेल तर ती व्यक्ती दुसरीकडे कामाला होती आणि आधीच्या पगाराइतकेच कमावत होती, हे मालकाने सिद्ध करायचे. म्हणजे आपांच्या पन्नास रुपयांनी त्यांचा हक्क बुडत नव्हता. त्यांच्या खरेपणाला कायद्यात जागा होती, पण ती इतक्या स्पष्ट शब्दांत सांगणारा निकाल त्यांच्यानंतर आला. कामगारांच्या बाबतीत पूर्ण मागील पगार हा सर्वसाधारण नियम, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच म्हटले होते. मधल्या काळातील निकालांनी तो नियम पातळ केला होता.

आता थोडे कडू बोलते. आपांना सर्वांत जास्त लागले ते वकिलाचे किंवा न्यायालयाचे काही नव्हते. संस्थेचे एक जबाबदार गृहस्थ घरी येऊन म्हणाले होते, “आपा, अपनीच कौम का इदारा है. कोर्टात नेऊन बदनामी कशाला?” हे वाक्य आपल्यापैकी किती शिक्षकांनी ऐकले असेल! घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि सोमवारी शिक्षिकेला कौमच्या नावावर गप्प बसवतो. अल्पसंख्याक संस्था चालवण्याचा घटनेतील अधिकार मोलाचा आहे. पण 2002 च्या टी. एम. ए. पै निकालातही सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या दादीसाठी न्यायाधिकरणे असावीत असे म्हटले आहे. संस्था चालवण्याचा हक्क हा पगार बुडवण्याचा हक्क नव्हे.

आपल्याकडे महाराष्ट्र खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम, 1977 आहे. बडतर्फीनंतर तीस दिवसांत अपील करता येते. शिक्षकाची देणी संस्थेच्या अनुदानातून परस्पर कापून द्यावीत, अशी शिफारसही न्यायाधिकरण शासनाला करू शकते. हे सारे इंग्रजीत आणि सरकारी मराठीत पडून आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये ते पोहोचत नाही. ते पोहोचवायला कायद्याचे पुस्तक पुरेसे नाही, गोष्ट लागते.

1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण दंगल लिहिली, तलाक लिहिला, ओळखीचे दुखणे लिहिले. ते लिहिणे गरजेचेच होते. त्या सर्वांत आपल्यावर बाहेरून झालेला अन्याय किंवा घरातल्या पुरुषाने केलेला अन्याय आहे. आपल्याच संस्थेने, आपल्याच जबानीत, सलाम करून केलेला अन्याय मात्र आपण फारसा लिहिलेला नाही. कारण उघड आहे. आपल्यातले बरेच लिहिणारे मास्तर आहेत आणि पगार त्याच संस्थेतून येतो. मीसुद्धा त्यातलीच. म्हणून हा लेख लिहितानाही आपांच्या संस्थेचे नाव मी घेतलेले नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

आपा गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी त्यांच्या सबुरीची तारीफ केली. त्या निम्म्या रकमेबद्दल कोणी बोलले नाही. मीही नाही.