खेळांतली पृथ्वी आणि खरी पृथ्वी

मूळ ग्रंथावर भाष्य लिहिणारांचे दोन वर्ग आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. एक वर्ग मुळाचा अर्थ उलगडून दाखवितो. दुसरा भाष्याच्या निमित्तानें निराळाच ग्रंथ रचतो. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या संगणकावरील खेळास त्याच्या चाहत्यांनीं ‘रिॲलिझम ओव्हरहॉल’ नांवाची जी प्रचंड पुरवणी जोडली आहे, ती यांपैकीं कोणत्या वर्गांत मोडते, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडला होता. दोन्ही खेळून पाहिल्यावर आमचें जें मत बनलें, तें येथें मांडीत आहों.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. मेक्सिको शहरांतील ‘स्क्वाड’ या कंपनीनें तो २०११ सालीं प्रथम लोकांपुढें आणिला व २०१५ सालीं पूर्णावस्थेस नेला. ‘कर्बिन’ नामक ग्रहावर कर्बल नांवाचे हिरवे, बटबटीत डोळ्यांचे बुटके प्राणी राहतात. त्यांच्यासाठीं टाक्या व एंजिनें एकमेकांस जोडून अग्निबाण बांधावयाचा आणि आकाशांत सोडावयाचा, एवढेंच यांतील काम. शत्रु नाहीं, ठरलेलें कथानक नाहीं, शेवटही नाहीं. अग्निबाण फुटला तर खेळणारा हंसतो आणि त्याच क्षणीं दुसरा उभा करितो. परंतु या प्रहसनाच्या पडद्यामागें गतीचे व गुरुत्वाकर्षणाचे नियम चोख चालू असतात. पुढें गेलेल्या यानास गांठावयाचें असेल तर वेग कमी करून खालच्या कक्षेंत उतरावें लागतें, ही गोष्ट पुस्तकांत वाचून पटत नाहीं. येथें ती चार वेळां फसल्यावर कायमची पटते.

मूळ कर्त्यांची खरी युक्ति अशी कीं, त्यांनीं नियम खरे ठेविले आणि मापें लहान केलीं. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर. आपल्या पृथ्वीची ६,३७१. कर्बिनभोंवतीं कक्षेंत जावयास, वाटेंतील तूट धरून, सेकंदास सुमारें ३,४०० मीटर वेगाची पुंजी पुरते. पृथ्वीभोंवतीं सुमारें ९,४०० लागते. हा फरक तिपटीचा दिसतो, पण तसा तो नाहीं. त्सिओल्कोव्स्कीनें १९०३ सालीं प्रसिद्ध केलेल्या समीकरणांत घालून पाहावें. एंजिनांतून वायु सेकंदास ३ किलोमीटर वेगानें बाहेर पडतो असें धरिलें, तर कर्बिनवरील अग्निबाण भरलेला असतां रित्याच्या सुमारें ३ पट जड असला कीं भागतें. पृथ्वीवर तोच सुमारें २३ पट जड असावा लागतो. खेळांत जो ढिसाळपणा खपून जातो, त्यास खऱ्या पृथ्वीवर जागाच उरत नाहीं.

‘ओव्हरहॉल’ हीच मापें परत आणतें. त्यांत आपली सूर्यमाला तिच्या खऱ्या विस्तारासह येते. मूळ खेळांतील तळ विषुववृत्तावर आहे व तेथील चंद्रही त्याच पातळींत फिरतो. येथें केप कॅनाव्हरलच्या सुमारें २८॥ अंश अक्षांशावरून निघावें लागतें, म्हणून निघण्याची घटकाही साधावी लागते. एंजिनें इतिहासांतील आहेत. पुष्कळशीं एकदांच पेटतात. आणि अंतराळांत तरंगणारें इंधन टाकीच्या तळाशीं बसविल्यावांचून तीं पेटतच नाहींत. ‘आर-पी-१’ नांवाचा जो अनुक्रम यास जोडतात, तो १९५१ सालापासून सुरू होतो आणि त्यांत प्रत्येक अग्निबाण बांधण्यास आठवडे व महिने मोजावे लागतात.

आमचें पहिलें चंद्रयान पृथ्वीच्या कक्षेपर्यंत सुखरूप गेलें. पुढील एंजिन पेटविण्याची कळ दाबली. कांहींच झालें नाहीं. इंधन तळाशीं बसविण्याची तजवीज आम्हीं केलीच नव्हती. १९६१ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या ‘रेंजर १’ चें वरचें एंजिनही असेंच दुसऱ्यानें पेटलें नाहीं व तें यान पृथ्वीजवळच अडकून राहिलें. तेथील बिघाड आमच्या चुकीसारखा बाळबोध खचित नव्हता. त्या मालेंतील पहिलीं सहा यानें आपलें कार्य साधूं शकलीं नाहींत. चंद्राचीं छायाचित्रें १९६४ च्या जुलैंत सातव्यानें पाठविलीं. ही हकीकत पूर्वी आम्हीं एका ओळीची म्हणून वाचली होती. आतां त्या सहा अपयशांमागचीं वर्षें आम्हांस दिसूं लागलीं. ‘ओव्हरहॉल’चा मोठेपणा आम्ही येथें मानतों.

तथापि एक दोष सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या पुरवणींत एंजिन बिघडतें तें सोंगट्यांचें दान पडावें तसें. प्रत्येक उड्डाणानें एंजिनाची विश्वसनीयता वाढते, परंतु बिघाड कां झाला हें शोधण्याचें काम खेळणारावर कधींच येत नाहीं. खरा अभियंता दैवास दोष देऊन स्वस्थ बसत नाहीं. जळलेले तुकडे व आलेले आंकडे पुढें घेऊन तो कारण हुडकतो. ज्या भाष्यानें इतक्या मापांची सत्यता राखिली, त्यानें या गुणाची सत्यता राखिली नाहीं. उलट मूळ खेळांतील अग्निबाण कोसळतो तो बहुधा आपल्याच चुकीमुळें, आणि ती चूक डोळ्यांपुढें घडलेली असते. म्हणून शिकविण्याच्या बाबतींत तो हंसरा खेळच आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

असो. आमच्या मतें ‘ओव्हरहॉल’ हा स्वतंत्र ग्रंथच होय. पण मूळ वाचल्याशिवाय तो उघडूं नये. घरांतील मुलांनीं प्रथम कर्बलांबरोबर हंसावें, शंभर अग्निबाण फोडावेत. त्यांपैकीं ज्यास पुढें हंसूं थांबवून कागद-पेन्सिल घेण्याची इच्छा होईल, त्याच्या हातीं ही खरी पृथ्वी द्यावी. आणि त्याचें पहिलें एंजिन पेटलें नाहीं, तर कारण त्याचें त्यास शोधूं द्यावें.