केचपच्या बाटल्या कोण लपवतं?

एक सँडविच खायचं, आणि मग टेबलावरची केचपची अख्खी बाटली बशीत उपडी करून चमच्याने संपवायची. कारण केचप फुकट असतं. थंडीत शर्टांच्या मध्ये वर्तमानपत्रं भरायची, तीही फक्त ‘टाइम्स’ची. पार्टीत हात फडफडवत सीगलसारखं ओरडायचं आणि सांगायचं, मला या पक्ष्यांची भाषा येते. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधला हा जो गूल्ड, हार्वर्डचा पदवीधर. आपल्याकडे अशा माणसाला ‘वल्ली’ म्हणतात, आणि एकदा तसं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात.

जोसेफ मिचेलने त्याच्यावर ‘न्यूयॉर्कर’मध्ये १९४२ साली ‘प्रोफेसर सी गल’ हा लेख लिहिला. मी तो कॉलेजात असताना वाचला आणि दिसेल त्याला पाठवला. मिचेल स्वतः कधी हसत नाही, गूल्डला बोलू देतो, बारीकसारीक गोष्टींची यादी करत जातो. गूल्ड म्हणे जगाचा ‘मौखिक इतिहास’ लिहीत होता, लोकांचं ऐकलेलं बोलणं, नव्वद लाखांच्या आसपास शब्द!

गूल्ड १९५७ मध्ये गेला. १९६४ मध्ये मिचेलने ‘जो गूल्ड्स सीक्रेट’ लिहून सांगितलं, की तो इतिहास नव्हताच. वह्यांमध्ये तीच चार-दोन प्रकरणं पुन्हा पुन्हा लिहिलेली. हा दुसरा लेख पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, कारण त्यात मिचेल स्वतःही उघडा पडतो. त्याच्याही डोक्यात एक न लिहिलेली कादंबरी होती. यानंतर १९९६ मध्ये मरेपर्यंत तो ऑफिसला येत राहिला आणि नवं, महत्त्वाचं असं काहीच छापलं नाही. लेखक मंडळींना ही दंतकथा फार आवडते. मलाही आवडायची.

मग जिल लेपोरचं ‘जो गूल्ड्स टीथ’ (२०१६) हाती आलं. लेपोर निघाली होती त्या हरवलेल्या वह्या शोधायला. तिला सापडली ऑगस्टा सॅव्हेज. हार्लेममधली कृष्णवर्णीय शिल्पकार. १९३९ च्या जागतिक मेळ्यासाठी तिने माणसांच्या रांगेची भलीमोठी वीणा घडवली होती. मेळा संपल्यावर ती पाडून टाकली गेली. गूल्ड वर्षानुवर्षं तिच्या मागे लागला होता. पत्रं, फोन, लग्नाची मागणी. आणि छळ झालेली ती एकटीच नव्हती.

मिचेलच्या दोन्ही लेखांत तिचं नाव नाही. त्याने मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. पण ज्याचे कान इतके तयार, त्याला फक्त गूल्डच ऐकू यावा? बारमधले, वर्तमानपत्रातले, पार्टीतले पुरुष गूल्डला ‘आपला’ मानत होते. वल्ली ठरवायचा हक्क त्यांचाच होता. लेपोरचं पुस्तक कधीकधी घाईचं वाटतं, मिचेलच्या वाक्यांची लय तिच्याकडे नाही. तरी मला आता तिचंच पुस्तक जास्त खरं वाटतं, आणि याचा थोडा रागही येतो.

मिचेलचा पहिला लेख परवा पुन्हा उघडला. गूल्डने आदिवासींच्या वस्त्यांवर शेकडो माणसांची डोकी मोजली, हे त्यात गमतीसारखं येतं. केचपची जागाही आली. तिथेच जवळ एक वाक्य आहे: गूल्डचं डोकं दारात दिसताच एका डायनरमधले नोकर केचपच्या बाटल्या गोळा करून लपवून ठेवत. कॉलेजात मी त्या नोकरांनाही हसले होते.