चहा, चयापचय आणि वार्धक्य : एका रूढ विधानाची अर्थपरीक्षा

चहातील द्रव्यांमुळे चयापचय सुधारतो व वार्धक्य निरामय होते, हे विधान आरोग्यविषयक मराठी लेखनात आता रूढ झाले आहे. त्याच्या समर्थनार्थ पुढे केले जाणारे प्रयोग खोटे नाहीत. त्यांतील पुष्कळसे काळजीपूर्वक केलेले आहेत. तथापि प्रयोगशाळेतून वाचकापर्यंत येताना या विधानातील जवळजवळ प्रत्येक नामाचा अर्थ पालटतो, आणि हा पालट वाक्यरचनेत कोठेही दिसत नाही. म्हणून या विधानाची परीक्षा रसायनाच्या अंगाने होते तशी ती शब्दार्थाच्या अंगानेही होणे अवश्य आहे.

प्रथम ‘चहा’ हाच शब्द घ्यावा. शास्त्राच्या लेखी चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाचे पान. ताज्या पानाला लागलीच उष्णता देऊन ते वाळविले की हिरवा चहा होतो व त्यातील कॅटेचिने बऱ्याच अंशी टिकतात. पान चुरगाळून त्याचे ऑक्सिडीकरण होऊ दिले की त्याच कॅटेचिनांपासून थीआफ्लाविने व थीआरुबिजिने बनतात आणि काळा चहा तयार होतो. मराठी बोलण्यात मात्र ‘काळा चहा’ म्हणजे बहुधा बिनदुधाचा, कोरा चहा. नुसता ‘चहा’ म्हणजे दूध-साखर घालून उकळलेले पेय. आणि ‘गवती चहा’ तर चहाच नव्हे, ते एक सुगंधी गवत होय. जपानी हिरव्या चहाविषयीचा निष्कर्ष केवळ ‘चहा’ या नावाने मराठीत आला, तर वाचक तो आपल्या कपातील पेयाला लावणार हे उघड आहे.

हा भेद नुसत्या नावाचा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिन येथील एका प्रयोगात १६ निरोगी स्त्रियांना काळा चहा दिला असता रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता वाढली. चहात दूध मिसळताच तो परिणाम नाहीसा झाला. उलटपक्षी, ब्रिटनमधील ४,९८,०४३ व्यक्तींची २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका चहा न घेणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी होता, आणि दूध-साखर घातल्याने या संबंधात फरक पडला नाही. हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, पण पहिल्याने चहा प्यायल्यानंतरच्या काही तासांतील धमनीचे प्रसरण मोजले, तर दुसऱ्याने सुमारे अकरा वर्षांतील मृत्यू. दोहोंना ‘चहाचा हृदयाला फायदा’ असे एकच नाव दिले की विरोधही कळत नाही आणि त्याचे कारणही कळत नाही.

दुसरा शब्द ‘चयापचय’. चय म्हणजे घडण, अपचय म्हणजे विघटन. या द्वंद्व समासात दोन विरुद्ध प्रक्रिया एकत्र नांदतात. अशा शब्दापुढे ‘वाढतो’ वा ‘सुधारतो’ हे क्रियापद आले की कोणते पद वाढले, हा प्रश्न उभा राहतो. १९९९ मध्ये १० निरोगी पुरुषांवर झालेल्या प्रयोगात हिरव्या चहाच्या अर्काने २४ तासांतील ऊर्जाव्यय सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. तेवढ्याच कॅफीनने तो तसा वाढला नाही. येथे मोजला गेला तो ऊर्जाव्यय. तो वाढणे ही स्वतः ‘सुधारणा’ नव्हे. ते मूल्य लेखकाने क्रियापदातून घातलेले असते. वजनाविषयीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला, त्यात हिरव्या चहाच्या सिद्ध पदार्थांनी होणारी घट अल्प व वैद्यकीय दृष्ट्या नगण्य ठरली.

तिसरा शब्द ‘अँटिऑक्सिडंट’, अथवा परिभाषेतील ‘प्रतिऑक्सिडीकारक’. नाव हेच कार्य, असे येथे गृहीत धरले जाते. चहाच्याच इतिहासात नावाने दिशाभूल झाल्याचे उदाहरण आहे : १८२७ मध्ये चहातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला ‘थीन’ हे स्वतंत्र नाव मिळाले, आणि ते कॉफीतील कॅफीनच आहे हे १८३८ मध्ये कळले. तेथे एका वस्तूला दोन नावे होती. येथे एका नावाखाली दोन विरुद्ध क्रिया दडल्या आहेत. झुरिच येथील संशोधकांनी २०२१ मध्ये सूत्रकृमींवरील प्रयोगांतून दाखविले की, चहातील दोन कॅटेचिने प्रारंभी पेशींतील ऑक्सिडीकारक द्रव्ये वाढवितात. त्या सौम्य आघाताने पेशीची स्वसंरक्षणाची शक्ती जागी होते व कृमींचे आयुष्य वाढते. म्हणजे ज्या गुणावरून नाव पडले, त्याच्या उलट क्रियेतून लाभ घडला. अर्थात कृमीचे आयुष्य हे मनुष्याचे वार्धक्य नव्हे.

आता ‘वार्धक्य’. जपानच्या ओसाकी भागातील ४०,५३० प्रौढांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज पाच किंवा अधिक कप हिरवा चहा घेणाऱ्यांत, एक कपाहून कमी घेणाऱ्यांच्या तुलनेने, एकूण मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १२ व स्त्रियांत २३ टक्क्यांनी कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत असा फरक आढळला नाही. या पाहणीत मृत्यू मोजले गेले. वृद्धाचे चालणे, स्मरण, स्वावलंबन, म्हणजे ज्याला निरामय वार्धक्य म्हणावे ते मोजले गेले नाही. शिवाय ‘पिणाऱ्यांत कमी आढळले’ आणि ‘पिण्यामुळे कमी झाले’ ही दोन भिन्न विधाने आहेत. प्रकृती धड नसलेला मनुष्य मुळात चहाच कमी पीत असेल, हीही शक्यता उरते. मराठीत सप्तमीचा ‘त’ सहवास सांगतो, तर ‘मुळे’ कारण सांगतो. भाषेत हा विवेक आहे. लेखक तो वापरीत नाहीत.

सामान्य वाचकाला सोपे वाक्य हवे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु या सोपेपणाची किंमत वाचकच देतो. ‘चहा हितकर’ या वाक्यावरून तो चहाच्या अर्काच्या गोळ्यांकडे वळतो, आणि ‘अर्क’ हा पुन्हा वेगळाच पदार्थ आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये नमूद केले की, प्यावयाच्या हिरव्या चहातील कॅटेचिने सामान्यतः सुरक्षित आहेत; पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट घेतल्यास मात्र यकृताला इजा झाल्याचे सूचक बदल रक्तात दिसू शकतात.

‘जपानमध्ये हिरवा चहा अधिक पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले; ते चहामुळेच कमी झाले असे यावरून सिद्ध होत नाही’ हे वाक्य कोणत्याही साक्षर वाचकाला कळण्याजोगे आहे. त्यात एकही अवघड शब्द नाही. विज्ञानविषयक मराठी लेखनाने निदान इतकी अचूकता पाळावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.