पाळण्यातलं श्वापद : जगाच्या अंताचे तीन चित्रपट

मागच्या वेळी आपण काळाच्या दोन कल्पना पाहिल्या : पुन्हा पुन्हा फिरून येणारा काळ आणि एका टोकाला जाऊन संपणारा काळ. आज त्या दुसऱ्या काळावरचे तीन चित्रपट घेऊ. 'द ओमेन' (१९७६), 'द सेव्हन्थ साइन' (१९८८) आणि 'द रॅप्चर' (१९९१). तिन्हींत बायबलमधला जगाचा अंत आहे, आणि तिन्हींत त्या अंताच्या वाटेवर एक मूल उभं आहे. त्या मुलाचं काय करायचं, एवढाच आपला आजचा प्रश्न.

आधी मूळ ग्रंथाकडे जाऊ. बायबलमधलं शेवटचं पुस्तक 'प्रकटीकरण'. ते पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लिहिणारा योहान पात्म बेटावर होता, आणि आजूबाजूला रोमचं साम्राज्य होतं. तेराव्या अध्यायातलं श्वापद आणि त्याची ६६६ ही संख्या आपण ऐकून असतो. हिब्रू अक्षरांना अंकांची किंमत असते. त्या हिशोबाने 'नीरो सीझर' या नावाची बेरीज ६६६ येते. म्हणजे ते श्वापद सिंहासनावर बसलेलं आहे. त्याची खूण अंगावर नसेल तर बाजारात खरेदी-विक्रीसुद्धा करता येत नाही. ही सत्तेची गोष्ट आहे, बरं का. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द तर या पुस्तकात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत येतो.

आता 'द ओमेन'. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर, पटकथा डेव्हिड सेल्त्झरची. रोममध्ये रॉबर्ट थॉर्न या अमेरिकन मुत्सद्द्याला सांगितलं जातं की तुमचं बाळ दगावलं. तो बायकोला न कळवता दुसरं बाळ पदरात घेतो. तोच डेमियन. पुढे मृत्यूंची रांग लागते. एक धर्मगुरू येऊन भविष्य सांगतो; त्याने म्हटलेली कविता बायबलमध्ये कुठेही नाही, ती चित्रपटासाठी रचलेली आहे. शेवटी मेगिद्दोला थॉर्नच्या हाती सात खंजीर दिले जातात. वेदीवर न्यायचं आणि या मुलाला मारायचं.

चित्रपट चांगला बांधला आहे, यात शंका नाही. शिंगंवाला सैतान पडद्यावर येत नाही. वीज पडते, काच निसटते, वारा सुटतो. जेरी गोल्डस्मिथच्या संगीताला ऑस्कर मिळालं ते योग्यच होतं. पण ते संगीत काय काम करतं पाहा. लॅटिन समूहस्वर चढत जातात आणि पाच वर्षांच्या पोराचा साधा चेहरा आपल्याला दोषी वाटू लागतो. त्या मुलाच्या हातून पडद्यावर घडतं काय? तीनचाकीची एक धडक. ती खोड आहे की कट, हे आपण संगीतावरून ठरवतो. थॉर्नला ते संगीत ऐकू येत नाही.

ग्रेगरी पेकने थॉर्नची घालमेल उत्तम दाखवली आहे. मेगिद्दोत तो खंजीर फेकून देतो. लहान मुलाला आपण मारणार नाही, असं ठरवतो. ते खंजीर उचलायला गेलेला छायाचित्रकार तिथेच मरतो. मग थॉर्न बदलतो. केसांखाली खूण सापडल्यावर तो मुलाला चर्चमध्ये ओढत नेतो. वेदीपाशी पोलिसांची गोळी लागून तो मरतो, आणि आपल्या मनात येतं, 'अरेरे, थोडक्यात राहिलं!' आम्हाला हेच क्षणभर थांबून पाहायचं आहे. काय थोडक्यात राहिलं? एका बापाने मुलाला मारणं.

इथे अब्राहाम आठवतो. किर्केगार्डने १८४३ साली त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्या मते अब्राहामाची कसोटी श्रद्धेची होती. मुलगा परत मिळेल हा विश्वास सुरी उचलतानाही त्याच्यापाशी होता. थॉर्नपाशी असा विश्वास नाही, फक्त भीती आहे. कांटचं उत्तर याहून सरळ आहे. १७९८ च्या एका ग्रंथात तो म्हणतो की मुलाला मारू नये हे मला पक्कं ठाऊक आहे, पण तो आवाज देवाचाच आहे हे मला कधीच पक्कं कळू शकत नाही, असं अब्राहामाने म्हणायला हवं होतं.

कोणी म्हणेल, 'सर, चित्रपटात तर तो मुलगा खरोखरच सैतानाचा आहे!' आहे ना. पण भाकीत ऐकून बाळांवर उठणारे लोक आपल्याला आधीपासून ओळखीचे आहेत. आपल्याकडे कंस, बायबलमध्ये हेरोद. खुद्द 'प्रकटीकरणा'च्या बाराव्या अध्यायात बाळ जन्मताच गिळायला टपलेला असतो तो अजगर. ग्रंथाने जी जागा अजगराला दिली, ती 'द ओमेन' प्रेक्षकाला देतो. मूळ नक्षत्रावर जन्मलेलं मूल बापाला जड, असं आपल्या घरांतही बोललं जातं. खूण पाहून मुलाचा निवाडा करण्याची सवय आपल्यालाही परकी नाही.

उरलेले दोन चित्रपट कारागिरीत उणे असतील, पण या मुद्द्यावर जास्त प्रामाणिक आहेत. 'द सेव्हन्थ साइन'मध्ये आत्म्यांचं भांडार रिकामं होत आलेलं आहे; ही कल्पना यहुदी परंपरेतली, बायबलमधली नव्हे. त्यातली गरोदर ॲबी (डेमी मूर) बाळासाठी स्वतःचा जीव देते, आणि जग टिकतं. कथा भाबडी आहे. पण त्याग करणारी स्वतःचाच त्याग करते, दुसऱ्याचा नाही.

मायकल टोल्किनचा 'द रॅप्चर' सगळ्यांत कठोर. शॅरन (मिमी रॉजर्स) श्रद्धेच्या भरात मुलीला घेऊन वाळवंटात जाते, वाट पाहते, आणि स्वर्गात लवकर पोचावी म्हणून मुलीला गोळी घालते. नंतर जगाचा अंत खरोखर येतो. म्हणजे तिची श्रद्धा तथ्याच्या पातळीवर बरोबर होती! तरीही चित्रपट त्या कृत्याला सोडत नाही. मला देव प्रिय आहे, एवढं म्हटलं की दार उघडणार असतं. ती म्हणत नाही, बाहेरच राहते. भविष्य खरं ठरलं म्हणून कृत्य योग्य ठरत नाही, हे या चित्रपटाला कळलेलं आहे.

तेव्हा श्रोतेहो, असा चित्रपट पाहताना एक साधी कसोटी लावू. शेवटी आपण मनातून कोणाच्या बाजूला उभे होतो, आणि त्याच्या हातात काय होतं? प्रश्न असतील तर जरूर पाठवा. पुढच्या वेळी बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'कडे वळू.