मृद्-आरोग्याची कल्पना आणि सोलापूरची काळी जमीन

आरोग्य सजीवाचे असते. दगडाचे आरोग्य कोणी विचारीत नाही. मातीच्या संदर्भात हा शब्द स्वीकारणाऱ्याने ती सजीव असल्याचे आधीच मान्य केलेले असते. या मान्यतेबरोबर येणारी जबाबदारी आपल्या मृद्-संशोधनाने कितपत पत्करली आहे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. पत्रिकेवर १२ नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. सूक्ष्मजीवांची त्यांत एकही नाही. तशी ती येणे शक्यही नव्हते. कारण नमुना सावलीत वाळवून, कुटून, चाळून मगच तपासला जातो. खताची मात्रा ठरविण्यास ही रीत योग्यच आहे. आक्षेप आहे तो तिला दिलेल्या नावाला.

तथापि सूक्ष्मजीवांचे अभ्यासकही या दोषातून सुटत नाहीत. सोलापूरकडील भारी काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि पहिल्या पावसाने फुगते. अशी वाळलेली माती भिजताच काय घडते, हे बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील जमिनींवरून १९५८ साली दाखविले: सूक्ष्मजीवांचा श्वसनवेग एकदम वाढतो व नत्र मोकळे होते. यास्तव एकाच शेताचे एप्रिलमधील व जूनमधील मोजमाप जुळणे संभवत नाही. असे असता महिना, खोली आणि ओल न सांगता केलेल्या 'एका ग्रॅम मातीत इतके कोटी जीवाणू' या विधानास कितीसा अर्थ उरतो? शिवाय मातीतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेतील पोषकावर वाढतच नाहीत. डीएनए-परीक्षेने ही उणीव पुष्कळशी भरून काढली, हे खरे. पण मेलेल्या पेशींचा डीएनएही मातीत टिकून राहतो. जमिनीत कोण आहे, हे तीतून कळते. ते त्या घडीला काय करीत आहे, हे तेवढ्याने कळत नाही.

नवल असे की, हवी ती शिस्त सोलापुरातच घडली होती. येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. कानिटकरांचा 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हा ग्रंथ १९४४ साली निघाला. त्या परंपरेने कोणत्या खोलीवर, कोणत्या महिन्यात किती ओल उरते, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला. तिने माती ऋतुमानाने वाचली. सूक्ष्मजीवांकडे मात्र तिचे फारसे लक्ष नव्हते. आज ज्यांचे लक्ष आहे, त्यांच्या नोंदींतून ऋतू गळतो.

ओलीसाठी काढलेल्या नमुन्याचाच एक भाग न वाळविता त्याच दिवशी श्वसनमापनास घेतला, तर दोन्ही नोंदी एकत्र येतील. रब्बीच्या जमिनीस याची निकड अधिक आहे. जूनच्या सरीने नत्र मोकळे होते तेव्हा शेत पडीक असते. ज्वारी पेरली जाते सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या तीन-चार महिन्यांत त्या नत्रापैकी किती सूक्ष्मजीव पुन्हा आपल्या देहात साठवितात, किती पाण्याबरोबर खाली जाते आणि किती वायुरूपाने उडून जाते, हे पत्रिकेवरूनही कळत नाही आणि कोटींच्या मोजणीवरूनही नाही.