अमावास्येला रंग ओळखणारा भुंगा

पिंपळनेरच्या जुन्या धाब्याच्या घरांत भुंग्याची ओळख करून द्यावी लागत नाही. लाकडाला बोटभर रुंदीचे नेमके गोल भोक आणि खाली भुशाची रांगोळी दिसली की घरची माणसे समजायचे ते समजतात. पांझरेकाठच्या रुईवर आणि शिवारातल्या तुरीच्या फुलांवर दिवसभर घुमतो तो हाच. हा दिवसपाळीवाला. याच्याच गोतातला झायलोकोपा ट्रँकेबारिका मात्र रात्रपाळी करतो, आणि तीही अमावास्येसकट.

त्याच्या डोळ्यांची बारकाईने तपासणी झाली ती आपल्याच सह्याद्रीत, भीमाशंकरच्या अभयारण्यात. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांचे यावरचे निबंध २००८ आणि २००९ साली आले. घरट्याच्या तोंडाशी रंगीत खुणा लावल्या, तर परतणारी मादी आपल्या खुणेचा रंग ओळखून उतरली. तेही नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात, जिथे माणसाला सगळेच करडे दिसते.

आता हा डोळा नीट वाचू. रचना ठरीव आहे, मधमाशीची असते तीच: हजारो भिंगे, प्रत्येक भिंगाखाली एक नळी, नळीभोवती काळ्या रंगद्रव्याचा पडदा. शेजारच्या भिंगातून आलेला उजेड या नळीला मिळत नाही. दिवसा ही शिस्त उत्तम, रात्री ती गळ्याशी येते.

पण मला रस आहे तो नळीच्या तळाशी उभ्या असलेल्या पेशींत. आठ-नऊ जणी एकमेकींकडे तोंड करून असतात आणि प्रत्येकीच्या आतल्या कडेला पातळ पटलाच्या असंख्य सूक्ष्म सळ्या फुटलेल्या असतात. फळमाशीच्या एका पेशीत अशा सुमारे तीस हजार भरतात. या सळ्यांच्या पटलात ऑप्सिन नावाचे प्रथिन आणि त्याच्या पोटात अ-जीवनसत्त्वाच्या कुळातला एक वाकडा रेणू. प्रकाशाचा एक कण आदळला की तो रेणू सरळ होतो. बस, प्रकाशाचे काम इथे संपले. पुढे ऑप्सिन एका प्रथिनाला जागे करते, ते एका विकराला, विकर पटलातला मेदरेणू तोडते आणि पटलातली दारे उघडून सोडियम-कॅल्शियम आत घुसतात. एका कणामागे विजेचा एक ठोका, आणि तो सुटा मोजता येतो.

त्या दारांची कथा थोडी वाकडी वाट करून सांगण्याजोगी आहे. १९६९ साली कोसेन्स आणि मॅनिंग यांनी एका फळमाशीचे वर्णन केले. प्रखर उजेडात ती क्षणभर पाही आणि मग आंधळ्यासारखी वागे. तिच्यात बिघडले होते ते हेच दार. पुढे कळले की या दारांचे कुळ मोठे आहे. नंदुरबारच्या मिरचीने आपल्या जिभेवर जे दार उघडते तेही त्यातलेच.

आणखी एक जागा दाद देण्यासारखी. सरळ झालेला रेणू ऑप्सिनला सोडून जात नाही. दुसरा प्रकाशकण पडला की तो जागच्या जागी पुन्हा वाकडा होतो, कामाला तयार. आपल्या डोळ्यात तो निखळतो आणि दुरुस्तीसाठी मुख्यतः शेजारच्या थरात जातो. उन्हातून थिएटरात शिरल्यावर आपण खुर्ची चाचपडत शोधतो, त्यात या फेरीचा वाटा मोठा.

आपले घराणेच वेगळे. आपल्या पेशींची दारे अंधारात उघडी असतात आणि उजेडात मिटतात. भुंग्याचा सूर जिथे चढतो तिथे आपला उतरतो. भुंग्याच्या सळ्या थेट पेशीच्या अंगातून फुटतात, आपल्या पेशींतल्या थाळ्या एका रूपांतरित लोमावर रचलेल्या असतात. पूर्वी समज असा, की पाठीचा कणा नसलेल्यांचे घराणे एक आणि आपले दुसरे. २००४ साली डेटलेव्ह आरेंट आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनेरिस या समुद्री किड्याच्या मेंदूत आपल्या घराण्याच्या पेशी दाखवल्या. त्याच्या डोळ्यात मात्र भुंग्याच्या घराण्याच्या. उलट आपल्या दृष्टिपटलातल्या काही पेशी मेलानॉप्सिन वापरून शरीराला दिवस-रात्रीचे भान देतात, आणि त्या पडतात भुंग्याकडे. म्हणजे दोन्ही गायक्या पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका समान पूर्वजाच्या घरी होत्या. पुढे कुणी कुठली गायकी डोळ्यासाठी निवडली, एवढाच फरक.

पुन्हा भीमाशंकरकडे येऊ. रात्रपाळीवाल्याची भिंगे मोठी, सळ्यांचा जुडगा चांगलाच रुंद आणि डोक्यावरचे तीन साधे डोळे जवळजवळ एकेक मिलिमीटरचे. हे छोटे डोळे तसे ढिसाळच, प्रतिमा नीट जुळवत नाहीत. एवढा सगळा खटाटोप करून कमाई किती? दिवसा उडणाऱ्या भावंडाच्या डोळ्यापेक्षा सत्तावीस पट संवेदनशीलता. आकडा ऐकून मान डोलते, पण लख्ख दिवस आणि ताऱ्यांचा उजेड यांच्यातला फरक दहा कोटी पटींच्या घरातला! भिंगाने आपली बाजू लढवली आणि तरी तूट राहिली, हे निबंधातच कबूल केले आहे.

उरलेला भार पेशी आणि मेंदू उचलत असावेत, असे निबंधकार सुचवतात. पेशी सावकाश चालते, जास्त वेळ थांबून कण गोळा करते. मेंदू शेजारच्या नळ्यांचे ठोके एकत्र मोजतो. याची किंमत पडते. सावकाशीत हालचाल पुसट होते आणि बेरजेत बारकावे. उडत्या प्राण्याला दोन्ही महाग, आणि तरी ही बाई अंधारात घरट्याच्या तोंडावर अचूक येते.

रात्रीच्या पतंगाकडे सोयीचा डोळा असतो. त्यात नळ्यांमधला पडदा मागे सरतो आणि शेकडो भिंगांचा उजेड एका पेशीवर येतो. प्रकाशशास्त्राच्या परीक्षेत पूर्ण गुण त्यालाच मिळतील. माझी पसंती मात्र भुंग्याला. त्याने दिवसाचा डोळा बदलला नाही, फक्त ताणला. आणि जिथे ताण पुरला नाही तिथे पेशीची लय विलंबित केली.