टिमसॉर्ट: आहे त्या क्रमाची कदर

यादी लावणं हे कारकुनी काम समजलं जातं. ते चोख झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि बिघडलं तर सगळ्यांच्या तोंडी होतं. संग्रामपूर तालुक्याचंच उदाहरण घेऊ. समजा, वरवट बकाल, सोनाळा, टुनकी, पातुर्डा, बावनबीर, वानखेड, पळशी झाशी अशा 16 गावांतून खातेदारांच्या याद्या आल्या, प्रत्येकी 100 नावांच्या. गावात बसून कोणीतरी त्या आडनावानुसार नीट लावलेल्या आहेत. आता त्या एकाखाली एक जोडून तालुक्याची एकच यादी करायची आहे. 1600 नावं फाइलमध्ये पडली आणि 'सॉर्ट' म्हटलं. पुढच्या क्षणी यादी तयार. मधल्या त्या क्षणात जे घडतं, त्यात रस घेण्यासारखं बरंच आहे.

पायथन या मुक्तस्रोत भाषेत हे काम करणारा कोड टिम पीटर्स यांनी 2002 मध्ये लिहिला. पुढच्या वर्षी तो पायथन 2.3 मध्ये आला आणि लेखकाच्या नावावरून 'टिमसॉर्ट' म्हणून ओळखला जाऊ लागला. पायथनचा सगळा मूळ कोड खुला आहे. त्यात 'लिस्टसॉर्ट' नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवलेली आहे. तिच्यात पीटर्स यांनी प्रत्येक निर्णय का घेतला, काय करून पाहिलं, काय टाकून दिलं, हे मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे. ज्याला कोड वाचता येत नाही त्यानंही ही फाइल चाळावी. कारागीर आपली हत्यारं दाखवत बोलतोय, असा तिचा सूर आहे.

टिमसॉर्टचं वेगळेपण पहिल्याच पावलात दिसतं. टोनी होअर यांची प्रसिद्ध 'क्विकसॉर्ट' पद्धत हातात आलेली यादी अस्ताव्यस्तच आहे असं धरून चालते. एक नाव निवडायचं, त्याच्याहून लहान अलीकडे, मोठी पलीकडे, आणि पुन्हा तेच. पद्धत वेगवान, पण तिच्या अगदी साध्या रूपात, दर वेळी पहिलंच नाव निवडलं तर, आधीच लावलेली यादी तिला सगळ्यांत जड जाते. म्हणजे गावच्या माणसानं घेतलेले कष्ट उलट नडतात. टिमसॉर्ट तसं करत नाही. तो आधी यादीवरून नजर फिरवतो आणि कुठपर्यंत नावं क्रमानं लागली आहेत ते बघतो. क्रम मोडला की तिथे खूण करून पुढे जातो. आपल्या फाइलमध्ये त्याला 100-100 नावांचे 16 पट्टे सापडतात. गावं कुठली ते त्याला ठाऊक नसतं, पण गावांच्या सीमा त्याला सापडतात.

हिशेब करून पाहा. 1600 नावं पूर्ण विस्कटलेली असतील तर ती लावायला नावांच्या जोड्यांची सरासरी साधारण 14,700 वेळा तुलना करावी लागते. त्याहून फारसं कमी कोणालाच जमत नाही, हे गणितानं सिद्ध आहे. आपल्या 16 पट्ट्यांच्या यादीचं काम मात्र आठ हजारांच्या आसपास उरकतं. आणि 1000 नावांची यादी आधीच पूर्ण लागलेली असेल तर टिमसॉर्ट फक्त 999 तुलना करतो आणि हात झटकून मोकळा होतो.

आता एक बारकावा. एखादी यादी उलट्या क्रमानं लागलेली असू शकते, उदाहरणार्थ नवी नोंद वर, जुनी खाली. टिमसॉर्ट तीही ओळखतो आणि पट्टाच्या पट्टा जागच्या जागी उलटा करतो. पण मूळ टिमसॉर्टची अट अशी होती, की उतरता क्रम काटेकोर हवा. दोन सारख्या नोंदी आल्या की पट्टा तिथेच तोडायचा. चढत्या क्रमात सारख्या नोंदी चालायच्या, उतरत्यात नाही. हा भेदभाव का? कारण पट्टा उलटा केला तर एकाच तारखेच्या दोन नोंदींपैकी आधीची नंतर जाईल. टिमसॉर्टचं वचन असं आहे की ज्या दोघांत फरक नाही, त्यांचा आपसातला मूळ क्रम हलवायचा नाही. या एका अटीमुळे यादी आधी नावानं लावली आणि मग गावानं लावली, तरी प्रत्येक गावातली नावं क्रमातच राहतात. तालुक्याच्या कामात हे वचन किती मोलाचं आहे, ते यादी हाताळणाऱ्याला विचारा.

पट्टे फार छोटे निघाले तर टिमसॉर्ट ते लगतची नावं योग्य जागी घुसवून वाढवतो. किमान लांबी किती धरायची? इथे पीटर्स यांची नजर दिसते. 2112 नावं असतील आणि किमान 32 धरले तर 66 पट्टे होतात. दोन-दोन जोडत गेलं की शेवटी 2048 चा एक डोंगर आणि 64 चं एक ढेकूळ उरतं, आणि ते जोडताना श्रम वाया जातात. तेच 33 धरले तर नेमके 64 पट्टे पडतात आणि जोडणी शेवटपर्यंत बरोबरीची राहते. एका आकड्याचा फरक, पण तो शोधायला आधी तो प्रश्न दिसावा लागतो.

पुढे जोडणी. खरेदी केंद्रावर टोकनच्या दोन रांगा एक करायच्या असल्या की आपण दोन्हीकडचे पहिले क्रमांक पाहतो आणि लहान क्रमांकाला पुढे सोडतो. पण एकाच रांगेतले ट्रॅक्टर लागोपाठ सुटत असले, तर प्रत्येक वेळी दुसरीकडे मान वळवण्यात काय अर्थ? त्या रांगेतले कुठपर्यंतचे सोडता येतील ते लांबून पाहायचं आणि सगळे एकदम सोडायचे. टिमसॉर्टही तेच करतो. एकीकडची नावं लागोपाठ सात वेळा जिंकली की तो एक, तीन, सात, पंधरा अशा उड्या घेत पुढे झेपावतो. झेपावण्यात फायदा होत नाही असं दिसलं की तो साताची अट आणखी कडक करतो. फायदा झाला की सैल करतो. ही कल्पना मुळात पीटर्स यांची नाही. पीटर मॅकिलरॉय यांनी 1993 मध्ये ती मांडली होती आणि पीटर्स यांनी आपल्या फाइलमध्ये त्यांच्या लेखाचा उल्लेख केला आहे.

2011 मध्ये जावा या भाषेच्या सातव्या आवृत्तीनं टिमसॉर्ट उचलला आणि तो जगभर पसरला. 2015 मध्ये संगणकशास्त्रज्ञ स्टेन डे खाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड बिनचूक आहे हे गणितानं सिद्ध करायला घेतलं. सिद्धता काही होईना. का होईना ते शोधताना पट्ट्यांच्या लांबीचा समतोल राखणाऱ्या नियमातली फट सापडली. जावात तिच्यामुळे प्रोग्राम कोसळू शकत होता. दुरुस्ती झाली. पुढे मन्रो आणि वाइल्ड या संशोधकांनी पट्टे जोडण्याचा अधिक चांगला क्रम सुचवला आणि 2022 च्या पायथन 3.11 नं तोही घेतला. बारा-तेरा वर्षं लाखो लोकांनी वापरलेल्या कोडमधली चूक बाहेरच्यांना सापडली, कारण कोड सर्वांसमोर होता. मुक्तस्रोताचं महत्त्व पटवायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

इथवर सगळं सुंदर. पण संग्रामपूरची यादी मराठी आहे, आणि इथे टिमसॉर्ट एकटा पुरत नाही. कोण आधी, कोण नंतर, हे त्याला बाहेरून सांगावं लागतं. काही न सांगता देवनागरी मजकूर दिला, तर युनिकोडमध्ये अक्षरांना जे क्रमांक दिले आहेत त्यांवरून तो लावतो. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'च्या शेजारी, 'व'च्या अलीकडे बसवलेला आहे. त्यामुळे यादी लागते ती अशी: काळे, कावरे, काशीकर, कासार. मराठी शाळेत शिकलेला माणूस मात्र कावरे, काशीकर, कासार आणि मग काळे अशीच लावेल, कारण आपली वर्णमाला ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. क्षीरसागर तर 'क'च्या गर्दीत हरवतात, कारण संगणकाच्या लेखी 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं.

ही उणीव भरून काढणारं दुसरं मुक्तस्रोत साधन म्हणजे 'आयसीयू' हे तयार कोडचं ग्रंथालय. 1999 मध्ये ते आयबीएमनं खुलं केलं, 2016 पासून युनिकोड कन्सॉर्शियम ते सांभाळतं, आणि अँड्रॉइडपासून पोस्टग्रेस या डेटाबेसपर्यंत अनेक ठिकाणी ते आतून काम करतं. त्यात मराठीसाठी वेगळे नियम आहेत: 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष', मग 'ज्ञ'. नियम एवढासाच, पण ज्यानं तो लिहिला त्यानं 'देवनागरी म्हणजे सगळं एकच' असं मानलं नाही. त्याच ग्रंथालयातला अंकांचा पर्याय चालू केला की गट क्रमांक 10 हा 2 च्या आधी येत नाही.

टिमसॉर्ट आणि आयसीयू एकत्र ठेवून वाचले की दोघांचा स्वभाव एकच दिसतो. पहिला यादीत आधीच असलेला क्रम ओळखून तो राखतो, दुसरा भाषेत आधीच असलेला क्रम. क्रम लादायचा नाही, आधी पाहायचा, मग लागेल तेवढंच हलवायचं. माझ्या मते या कोडचं सौंदर्य वेगात नाही, या संयमात आहे.

दोन्ही फुकट आहेत, दोन्ही खुले आहेत, आणि मराठीसाठी वापरायला दोन-चार ओळींपेक्षा जास्त काही लिहावं लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी शाळेची, सोसायटीची किंवा मतदारांची मराठी यादी हातात पडली तर 'का' अक्षराची आडनावं बघा. काळे कासारांच्या आधी बसले असतील, तर ती यादी करणाऱ्याला मराठी क्रम लावायला सांगा.